त्याला कुणी सांगितलं? (स्प्रिंगस्टीन, उद्यमबाग आणि आपली गाणी)

उद्यमबागकर | रविवार, रात्री १०:४२

हा धागा संगीतात टाकू की गावगप्पांत, ह्यावरच पंधरा मिनिटं गेली. शेवटी इथं टाकतोय, व्यवस्थापकांना हलवायचा असेल तर हलवा.

१९८७ साली मी बारावीला होतो. एका मित्राच्या मुंबईच्या मामाने त्याला एक कॅसेट दिली होती. कव्हरवर पाठमोरा माणूस, निळी जीन्स, मागच्या खिशात लाल टोपी. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन. आम्ही ती इतकी वाजवली की दुसरी बाजू घोगरी झाली.

आमचे बाबा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, वाळूचे साचे करणारे मोल्डर. साच्याच्या ओल्या वाळूत, ग्रीन सँडमध्ये, गुडघे टेकून बत्तीस वर्षं काढली. घरी आले की आधी मोरीवर बसून नाक शिंकरायचे. काळं पाणी यायचं. ते पांढरं होईपर्यंत आई चहा टाकत नसे.

एकदा ते असेच आले तेव्हा कॅसेट चालू होती. म्हणाले, "काय बोंबलूलाय रे हा?" मी म्हटलं, बाबा, हा कामगारांची गाणी म्हणतो. गिरणी बंद पडली, काम गेलं, बाप दमून घरी आला, असं सगळं. ते थांबले. पूर्ण गाणं ऐकलं, इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना. मग विचारलं, "हा कुठल्या खात्यात होता?"

मी म्हटलं, कुठल्याच नाही. हा गाणारा आहे.

"मग त्याला कुणी सांगितलं?"

बाबा गेले त्याला आता सहा वर्षं होतील. ह्या प्रश्नाला माझ्याकडं अजून उत्तर नाही. दुसरा प्रश्न माझा स्वतःचा: उद्यमबागेवर, शहापूर-वडगावच्या मागांवर, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींवर असं गाणं आपल्यात कुणी लिहिलं का? सिनेमातलं नको, पुढाऱ्यावरचा पोवाडा नको. पाळी संपवून घरी येणाऱ्या माणसाचं गाणं पाहिजे.

टप्पा_टिळकवाडी | रविवार, रात्री ११:१५

लिहिलंय छान. पण तुमच्या बाबांनी दोन वाक्यांत ज्याला पकडलं तोच हा माणूस, असं माझं मत. २०१७ मध्ये न्यू यॉर्कला ब्रॉडवेवर त्याने एकट्याचा कार्यक्रम केला, त्यात स्वतःच कबूल केलंय की मी कारखाना आतून कधी पाहिलेला नाही आणि आयुष्यभर लिहीत मात्र त्याच्यावरच आलो. लोक हसले, टाळ्या वाजवल्या. २०२१ मध्ये सगळ्या गाण्यांचे हक्क सोनीला विकले, बातम्यांतला आकडा सुमारे ५० कोटी डॉलर. २०२२ मध्ये दौऱ्याची तिकिटं निघाली तर मागणीप्रमाणे भाव चढवण्याच्या पद्धतीने काही तिकिटं हजारो डॉलरवर गेली. आवाज कामगाराचा, आणि खुर्ची कामगाराला परवडत नाही.

मंडोळी_रोड | रविवार, रात्री ११:२१

५० कोटी डॉलर म्हणजे बेळगावात एक टू-बीएचके येईल. टिळकवाडीत नाही म्हणा. पण येईल.

शहापूरकर | सोमवार, सकाळी ७:०५

टप्पासाहेब, जरा दमानं.

आमच्या घरी चार माग होते. खाली माग, वर आम्ही. त्या खडखडाटात जन्मलो, त्यातच झोपलो. रात्री लाईट गेली की आम्ही पोरं दचकून उठायचो. आवाज थांबला म्हणून. मग आई म्हणायची, झोपा, येईल लाईट. लाईट आली, धोटा पळायला लागला, की आम्ही परत झोपी.

आमच्या आजोबांना हळू बोलताच येत नसे. कानात काही उरलंच नव्हतं. घरातलं गुपित आजीला सांगायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणं. "पोरीला बघायला येणार हाईत, कुणाला सांगू नको" हे त्यांनी असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी वाण्याने साखरेचे पैसे घेतले नाहीत.

आता ह्या स्प्रिंगस्टीनचं १९७८ च्या अल्बममधलं कारखान्यावरचं एक गाणं आहे. सव्वादोन मिनिटांचं. पहाटे बाप कामाला निघतो, कारखाना त्याचे कान घेतो आणि त्याला जगवतो. एवढंच. घोषणा नाही, मालकाला शिवी नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हा आमच्या आजोबांना ओळखतो.

त्याचा बाप गालिच्यांच्या गिरणीत होता, बस चालवली, तुरुंगात पहारा केला. मधेमधे कामच नसायचं. रात्री स्वयंपाकघरात दिवा मालवून सिगरेट ओढत, बिअर पीत बसायचा आणि पोरगा अंधारातून वर जायला बघायचा. हे त्याने स्टेजवर कितीदा सांगितलंय. उद्यमबागकर, तुमच्या बाबांना उत्तर द्यायचं तर हे द्या: त्याला घरानं सांगितलं. माग मी तरी कुठं चालवला? मी बँकेत होतो. पण धोटा अडकला की कसा आवाज येतो ते मला अजून झोपेत कळतं.

टप्पा_टिळकवाडी | सोमवार, सकाळी ९:३०

बापावरचं ठीक, मान्य. पण तो फक्त बापावर थांबला नाही ना. ओहायोतल्या पोलाद कारखान्यावर लिहिलं, मेक्सिकोतून आलेल्या मजुरांवर लिहिलं. ते कुठल्या घरानं सांगितलं?

अनगोळ_ते_एडिसन | सोमवार, दुपारी १२:१० (आमच्याकडं मध्यरात्र उलटलीय, झोप नाही)

हे मी सांगतो. गेली एकोणीस वर्षं न्यू जर्सीत आहे, फ्रीहोल्ड, म्हणजे त्याचं गाव, गाडीने तासाच्या आत. एका रविवारी बायकोला न सांगता गेलो होतो. छोटं गाव, एक मुख्य रस्ता. ती गालिच्यांची गिरणी साठच्या दशकातच बंद झालेली. खरं सांगू? आपलं खानापूर बरं वाटलं. पण रस्त्यावरून चालताना एक कळलं, इथं पोराला पळून जावंसंच वाटलं असणार. त्याची सुरुवातीची निम्मी गाणी गाडी काढून पळून जायचीच आहेत. जे मागं राहिले त्यांच्याकडं तो नंतर वळला.

ओहायोतलं म्हणजे यंग्सटाउन. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार, तिथल्या मोठ्या पोलाद कंपनीने कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. हजारो माणसं एका झटक्यात घरी. त्या सोमवाराला गावात अजून 'काळा सोमवार' म्हणतात. एका पत्रकाराने आणि छायाचित्रकाराने अशा बेकार माणसांबरोबर मालगाड्यांतून फिरून पुस्तक केलं. स्प्रिंगस्टीनला ते एका जागरणाच्या रात्री हाती लागलं, एका बैठकीत वाचून काढलं, आणि त्यातून १९९५ च्या अल्बममधली दोन गाणी आली. यंग्सटाउनच्या गाण्यात भट्टीला जेनी म्हणून हाक मारलीय. तिथले कामगार तिला खरंच तसंच म्हणायचे.

म्हणजे टप्पाकाका, हे त्याला पुस्तकाने सांगितलं. आणि त्याने ते लपवलं नाही, पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. १९८४ च्या दौऱ्यात पिट्सबर्गच्या बेकार पोलाद कामगारांच्या अन्नछत्राला पैसेही दिले होते. तिकिटांचं मात्र तुमचं बरोबर. मी २०२३ ला बघितलं आणि घरी बसून यूट्यूब लावलं.

फेटलर | सोमवार, दुपारी १:५२

आमच्या भट्टीला म्हातारी म्हणायचो. म्हातारी तापली का? म्हातारी रुसली आज. आता विजेवरची इंडक्शन भट्टी आली. तिला काय नाव नाही.

उद्यमबागकर | सोमवार, दुपारी २:२०

@फेटलर, बाबापण म्हातारीच म्हणायचे!! मी लहानपणी घाबरायचो, वाटायचं कारखान्यात खरंच कुणी म्हातारी कोंडून ठेवलीय.

चंदगडी_पाव्हणा | सोमवार, रात्री ९:४८

मंडळी, उशीर झाला, ऊस गाळपाला घालायच्या गडबडीत होतो. मुद्दा लांब आहे, सांभाळून घ्या.

"आपल्यात असं गाणं कुणी लिहिलं का" हे वाचून मी थोडा चिडलोच. अण्णा भाऊ साठे कोण होते मग? वाटेगावहून बापाबरोबर चालत मुंबईला गेलेले, गिरणीत राबलेले. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड. बेळगावात मेळाव्याला, जयंतीला ती होते. शेवटाकडं बेळगाव, कारवारची नावं आली की मांडव उठून टाळ्या वाजवतो. मीपण वाजवल्यात.

पण एकदा सुरुवातीपासून ऐका. निम्म्याहून जास्त गाणं सीमेचं नाहीच. पोटापाण्यासाठी मुंबईला निघालेला गडी, दारात उभी बायको, तिला दागिने घडवायचं दिलेलं वचन, आणि मग मुंबईत बघितलेली श्रीमंती आणि स्वतःची रिकामी झोळी. म्हणजे कामगाराचंच गाणं. त्याची आणि मैनेची जी ताटातूट तीच आपली आणि महाराष्ट्राची, अशी शेवटी गाठ मारलीय. आपण गाठ तेवढी धरली, दोरी सोडून दिली.

तिकडंही तेच झालं. १९८४ चं स्प्रिंगस्टीनचं ते गाजलेलं गाणं, 'बॉर्न इन द यूएसए', कव्हरवर झेंड्याचे पट्टे. व्हिएतनामहून आलेला माणूस, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात काम मागायला जातो, मिळत नाही. त्या गाण्याची धून वरात निघाल्यासारखी, म्हणून लोकांनी देशाभिमानाचं गाणं समजून मुठी उगारल्या. राष्ट्राध्यक्ष रेगननी तर निवडणुकीच्या भाषणात न्यू जर्सीत जाऊन त्याचं नाव घेतलं. ध्रुपदावर टाळ्या पडतात, कडवं कुणी ऐकत नाही.

आता घरचं. आमचा थोरला चुलता लालबागला गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणूस बाहेर. जूनला काका गावी आला, एक पत्र्याची पेटी आणि गिरणीतला टॉवेल घेऊन. "संप मिटला की जातो." पेटी त्याने उघडली नाही, कारण परत जायचंच होतं. दोन वर्षं तशीच कॉटखाली. तिसऱ्या वर्षी काकूने उघडून त्यात ज्वारी भरली. काका काही बोलला नाही. गोठ्यात जाऊन बसला.

त्याच जानेवारीत, संपाच्या पंधरा दिवस आधी, हा स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीत भाड्याच्या घरात एकटा बसून साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी म्हणत होता. काम गेलेली माणसं, कर्जात बुडालेली, हातून वाईट घडलेली. नंतर बँड घेऊन स्टुडिओत परत करून बघितली, जमली नाहीत, म्हणून खिशात बिनडबीची फिरवलेली ती कॅसेटच अल्बम म्हणून काढली. मला तो अल्बम माझ्या मुलाने ऐकवला. मी त्याला म्हटलं, बंद कर, काका गोठ्यात बसलाय.

शहापूरकर | सोमवार, रात्री १०:१५

पेटीत ज्वारी. काय बोलायचं ह्यावर.

मंडोळी_रोड | सोमवार, रात्री १०:३१

मी विनोद करायला आलो होतो. जाऊलालो परत.

सीमाभाग_ज्वलंत | सोमवार, रात्री ११:०२

चंदगडीसाहेब, "दोरी सोडून दिली" हा आरोप आहे. सीमालढ्यात कामगार नव्हते काय? ह्या धाग्यावर मुद्दाम

व्यवस्थापक | सोमवार, रात्री ११:०९

वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, सध्या पान १४२ वर चालू आहे. तिकडं जावे. इथं गाणी.

निपाणीची_लेक | मंगळवार, सकाळी ११:४०

सगळे बाप, आजोबा, काका. वाचत होते, कुणी आईचं नाव काढतंय का बघत होते. आली ती एक चहा टाकायला, एक लाईट येईल म्हणायला, आणि काकू आली पेटी उघडायला. आणि हे तुमच्या त्या गायकाचंपण तसंच आहे हं. त्याच्या गाण्यातल्या बाया पायरीवर उभ्या असतात नाहीतर गाडीत शेजारी बसतात. त्याची स्वतःची आई वकिलाच्या ऑफिसात नोकरी करून घर चालवत होती, तिच्यावर त्याने लिहिलंय, पण एकूण हिशेबात कमीच.

आमच्या निपाणीत वखारीत कोण होतं? बायाच. तंबाखू चाळायची, कुटायची. धूळ अशी की नवी बाई पहिल्या आठवड्यात चक्कर येऊन पडायची. घरी बिड्या वळायच्या त्याही बायांनी. हजार वळायच्या आणि मुकादमाने त्यातल्या मूठभर छाट म्हणून बाजूला काढायच्या. छाटीचे पैसे नाहीत, बिड्या मात्र त्याच्याकडं. १९८१ चं तंबाखू आंदोलन सगळ्यांना ठाऊक आहे, शरद जोशी, हायवेवर बसलेले शेतकरी, गोळीबार. ते व्हायलाच पाहिजे ठाऊक. पण त्याच सुमाराला वखारीतल्या बायांनी संघटना करून संप केला, त्यावर १९८२ मध्ये 'युगांतर' ह्या बायांच्या गटाने निपाणीत येऊन माहितीपट केला, हे किती जणांना माहीत? त्यात बाया स्वतः बोलतात. कुणी त्यांच्या वतीने नाही.

आणि गाणं कुणी लिहिलं विचारता. लिहिलं नाही, म्हटलं. माझी मावशी वखारीत होती. दळण गिरणीत गेलं, जातं गेलं, ओव्या कुठं जाणार? त्या वखारीत आल्या. ही तिची, किंवा तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईची, तिलाच आठवत नव्हतं:

तंबाखू चाळता चाळता
डोळ्या लागलीया धार
मुकादम म्हणे बाई
म्हाएर आठवलं फार

मावशी हे म्हणून हसायची. मला लहानपणी कळायचं नाही हसायचं काय त्यात.

टप्पा_टिळकवाडी | मंगळवार, दुपारी १२:२०

ताई, ह्या चार ओळींपुढं माझे सगळे आकडे मागे घेतो. तिकिटाचा सोडून.

घटप्रभा | मंगळवार, सायंकाळी ५:३०

नमस्कार री. माझी मातृभाषा कन्नड, मराठी गोकाकमध्ये शेजाऱ्यांकडून शिकलो, चुकलं तर सांभाळा.

गाणं मराठीतच का शोधताय? फाउंड्रीत काय भाषा असते? "ए अण्णा, लॅडल हळू ಬಾ" (लॅडल म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं; कानडी अक्षर चुकून आलं, "हळू बा" वाचा). निम्मं कन्नड, निम्मं मराठी, शिव्या हिंदीत. आमच्याकडं सिद्धलिंगय्या होते, कन्नड साहित्यातल्या बंडाय, म्हणजे बंडखोर, चळवळीतले कवी. त्यांची गाणी मोर्चात लोक पाठ म्हणायचे, पुस्तक न बघता. आणि रॉक म्हणत असाल तर संतकवी शिशुनाळ शरीफांची पदं, एकोणिसाव्या शतकातली, आताचा गायक रघू दीक्षितने गिटार-ड्रमवर म्हटली आणि कॉलेजची पोरं नाचली. कोंबडीनं माकड गिळलं वगैरे उलटंपालटं बोलणं, ऐकायला मजा, अर्थ लावत बसा.

म्हणजे जुनं घेऊन जमतं. नवं कोण लिहिणार तेवढं बघा.

व्यवस्थापक | मंगळवार, सायंकाळी ५:४१

कानडी अक्षराबद्दल तक्रार आली आहे. फेटाळली आहे.

मंडोळी_रोड | मंगळवार, सायंकाळी ५:४४

व्यवस्थापक आज फॉर्मात.

अनगोळ_ते_एडिसन | मंगळवार, रात्री ८:००

अवांतर: कुणी इकडं येणार असेल तर कुंदा आणा. मागच्या वेळी पाव्हण्यांनी आणला तो विमानतळावर आडवा झाला, सगळ्या कपड्यांना तूप. तरी खाल्ला.

फेटलर | मंगळवार, रात्री २:१५

रात्रपाळीला आहे. चहाच्या सुट्टीत सगळं वाचून काढलं. वर सांगितलेलं बापाचं गाणं यूट्यूबवर लावलं, तिघं ऐकलो. एक ओडिशाचा, एक हुक्केरीचा, एक मी. शब्द कुणालाच कळले नाहीत. ओडिशाचा म्हणाला, ये आदमी का शिफ्ट खतम नहीं हुआ क्या.

पण आमच्यावर लिहिणार असाल तर विचारून लिहा. सिनेमात फाउंड्री दाखवतात, सगळीकडं ठिणग्या आणि हिरो उघडा. ठिणग्या उडत असताना उघडा राहील काय कोण?

उद्यमबागकर | बुधवार, सकाळी ६:२०

रात्रभर धागा वाचत बसलो आणि एक उद्योग केला. हसू नका. चाल नाही, नुसते शब्द.

भोंगा झाला पहिल्या पाळीचा, च्या कपात तसाच हाय
बा सायकल काढतोय, सीटावर दहिवर तसाच हाय
डबा हँडलला, चप्पल पायात, बूट कंपनी देणार हाय
देणार हाय, देणार हाय, धा वर्सं झाली, देणार हाय

म्हातारी तापली, रस झाला, धरा लॅडल, चला हळू
वाळूत वतला दीस सगळा, फोडून बघा निघतंय काय
घरात पोरगं टेप लावून गोऱ्याचं गाणं ऐकत हाय
बा इचारतोय, ह्येला कुणी सांगितलं, आमचं काय हाय

निपाणीची_लेक | बुधवार, सकाळी ८:१०

"देणार हाय" चं जमलंय. शेवटची ओळ तुमची आहे, बाबांची नाही. ते "त्याला कुणी सांगितलं" एवढंच म्हणाले होते ना? मग तेवढंच ठेवा. आणि डबा कुणी भरला?

उद्यमबागकर | बुधवार, सकाळी ८:१४

मान्य. दोन्ही मान्य.

शहापूरकर | बुधवार, सकाळी ८:४०

'वाळूत वतला दीस सगळा' ह्याला माझं मत. बाकी चाल लावायची तर मागाच्या ठेक्यावर लावा, आयता मिळतो.

फेटलर | बुधवार, सकाळी ९:०५

आत्ताच सुटलो. चांगलं आहे. चुका सांगतो. आम्ही रस म्हणत नाही, मेटल म्हणतो. चप्पल बरोबर. बुटाचंपण बरोबर, आता दिलेत पण दोन नंबर मोठे. आणि भोंगा आता कुठला? मशिनीवर अंगठा लावायचा.

मोल्डरचा अंगठा लागत नाही. वाळूनं बोटं गुळगुळीत झालेली असतात, रेषाच नाहीत. मशीन ओळखत नाही. थुंकी लावून, पँटला पुसून, चार-चार वेळा दाबायचा. मागं रांग. तेवढ्यात उशीर पडतो, आणि उशिराचे पैसे कापतात.

उद्यमबागकर | बुधवार, सकाळी ९:११

भोंग्याच्या जागी हेच घालतो. मशीन नाही म्हणताना काय म्हणतं? नुसती शिट्टी मारतं की बोलतं?

फेटलर | बुधवार, सकाळी ९:१६

बाई बोलते आतून. प्लीज ट्राय अगेन.

आमच्यात तिला मालकीण म्हणतात.